एकदाच बघायचे दोन पत्ते

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पिसलेला अख्खा कॅट ओळीने पाठ म्हणायचा सराव तू सुरू केलास आणि दोन महिन्यांत तीस पानांपर्यंत मजल मारलीस, हे वाचून तुझ्या चिकाटीचं कौतुक वाटलं. ‘मग पोकरमध्ये काहीच फरक का पडत नाही?’ हा तुझा प्रश्न मात्र दोन दिवस माझ्या डोक्यात घोळत होता.

आपण मेंढीकोट खेळत वाढलो, त्यामुळे आपली एक समजूत पक्की झालेली असते. तिथे बावन्नच्या बावन्न पानं वाटली जातात आणि सगळी खाली येतात. कुठली दश्शी गेली, इस्पिकचा एक्का उतरला का, हुकमाची किती पानं बाहेर आहेत, हे ज्याच्या ध्यानात राहतं त्याचा वरचष्मा असतो. तू खेळतोस त्या टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात मात्र दर डावाला कॅट नव्याने पिसला जातो. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं आणि टेबलावर फार तर पाच उघडी, तीही सगळ्यांसमोर पडलेली. डाव संपला की त्या पानांचा पुढच्या डावाशी काही संबंध उरत नाही. संबंध उरतो तो माणसांचा. कोणी, कुठल्या जागेवरून, कुठल्या पानांवर किती चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, लावल्या, हे तुला आठवायला हवं, आणि त्याचा सराव तू अजून केलेलाच नाहीस.

एका क्षेत्रातली तयार स्मरणशक्ती दुसरीकडे आपोआप चालत नाही. 1980 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका तरुणावरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. सुरुवातीला तो सात आकडे ऐकून परत म्हणू शके. सुमारे वीस महिन्यांच्या सरावानंतर तो एकोणऐंशी आकड्यांपर्यंत गेला. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता, म्हणून आकड्यांचे गट करून त्यांना शर्यतींच्या वेळा समजायचा. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिली की गाडी पुन्हा सहा-सातवर! त्याने आकड्यांना अर्थ द्यायला शिकून घेतलं होतं, आणि तो अर्थ अक्षरांना लागू होत नव्हता. तुझी तीस पानं तशीच आहेत. वाया गेली असं समजू नकोस, एकाग्रता तर वाढलीच. पण आता अर्थ पोकरचा हवा.

सुरुवात तुझ्या हातातल्या दोन पानांपासून कर. तुला हे क्षुल्लक वाटेल, पण मी कितीतरी लोक इथेच पकडले आहेत. फ्लॉपमध्ये, म्हणजे टेबलावर एकदम उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, तीन बदाम पडतात आणि समोरचा हळूच आपल्या पानांची कड उचलून पुन्हा बघतो. का? एक्का आणि राणी आहे हे त्याच्या लक्षात असतं, त्यातलं एखादं बदामचं आहे का हे नसतं. दोन्ही बदामची असती तर ते तो विसरला नसता. म्हणजे फ्लश, एकाच रंगाची पाच पानं, अजून झालेला नाही, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. तुझ्याकडून असं होता कामा नये. दोन पानं एकदा बघायची, मनात पूर्ण नावानिशी म्हणायची, ‘इस्पिकचा राजा, बदामची नव्वी’, आणि डाव संपेपर्यंत हात लावायचा नाही. घरी दोन पानं काढ, क्षणभर बघ, उलटी ठेव, चहा करून ये आणि मग नावं सांग. फ्लॉप पडताना तुझी नजर पानांवर नको, समोरच्यांच्या चेहऱ्यांवर हवी. फ्लॉप कुठे पळून जात नाही.

यानंतरचं काम जास्त कठीण आहे आणि खरा खेळ त्यातच आहे. डाव गोष्टीसारखा लक्षात ठेवायचा. समज, एकाने बटनवरून, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणाऱ्या जागेवरून, रेझ केला (बोली वाढवली), फ्लॉपला छोटी बेट लावली, टर्नला, म्हणजे चौथ्या पानावर, चेक केलं (काहीच न लावता थांबला) आणि रिव्हरला, म्हणजे पाचव्या पानावर, एकदम पॉटएवढी, मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्सएवढी, बेट टाकली. कोणीतरी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या, आणि बेट लावणाऱ्याची पानं उघडी पडली: किलवरची सत्ती-छक्की, हातात काहीच नाही. इथे बहुतेक लोक हसतात आणि पुढच्या डावाकडे वळतात. तू तसं करू नकोस. पानं उघडी पडली की डाव शेवटाकडून सुरुवातीकडे वाच. सत्ती-छक्की घेऊन हा टर्नला थांबला होता, म्हणजे तिथे त्याचा धीर सुटला होता, आणि रिव्हरला मोठी बेट लावण्यावाचून त्याला वाट दिसली नाही. आता हा माणूस तुझ्या लक्षात राहील, कारण त्याच्या वागण्यामागचं कारण तुला कळलं आहे. सहा जणांवर एकदम लक्ष ठेवायला जाऊ नकोस. पहिल्या महिन्यात फक्त तुझ्या डावीकडे बसलेला. तो तुझ्यानंतर खेळतो, म्हणून तुला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होणार.

आता पाठांतराबद्दल. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी तोंडपाठ होत्या. सव्वा शेराचा भाव ते बोलता बोलता सांगत आणि त्यांचं सगळं लक्ष दुकानदाराच्या तराजूकडे असे. पोकरलाही असे पाढे आहेत, ते घोकच. कुठलीही जोडी सहा प्रकारे येते, एक्का-राजा सोळा प्रकारे. तुझ्या हातात एक एक्का असला की समोर एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात आणि एक्का-राजाचे सोळावरून बारावर. फ्लशला एक पान कमी असेल तर कामाची नऊ पानं उरतात. पुढच्या एका पानात ते जुळण्याची शक्यता सुमारे 19 टक्के, दोन पानांत 35. पॉटमध्ये 100 चिप्स आहेत आणि समोरच्याने 50 लावल्या, तर तुला 25 टक्के शक्यता हवी. एकच पान यायचं असेल तर 19 पुरत नाहीत. हे हिशोब तिथे बसून करत राहिलास तर तराजूकडे कोण बघणार?

पानं लक्षात ठेवायची हौस असेलच तर सेव्हन कार्ड स्टड हा पोकरचा दुसरा प्रकार खेळ. तिथे प्रत्येकाची चार पानं उघडी असतात आणि कोणी फोल्ड केलं, म्हणजे डाव सोडला, की ती उचलली जातात. तुझ्याकडे चार चौकट आहेत आणि गेलेल्या पानांत तू आणखी चार पाहिल्यास, तर नऊ नव्हे, पाचच शिल्लक आहेत. मेंढीकोटची सवय इथे कामाला येते.

आता माझी चूक सांगतो. पहिली चार वर्षं मी वही ठेवली नाही. आमच्यातल्या एकाने एकदा मला ब्लफ करून मोठा पॉट नेला आणि तो डाव माझ्या मनात असा रुतला की पुढे वर्षभर मी त्याला प्रत्येक वेळी कॉल करत राहिलो. वही सुरू केल्यावर दिसलं की त्याची पानं अकरा वेळा उघडी पडली आणि त्यातल्या नऊ वेळा त्याच्याकडे खरोखर मजबूत हात होता. झोंबलेलं तेवढं मनात राहतं. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर पाचांतून साधारण चार वेळा जिंकते, आपण आयुष्यभर सांगत बसतो ती पाचवी गोष्ट. म्हणून खेळ संपला की त्याच रात्री, झोपण्याआधी, पाच डाव आठवून लिही. त्यातले निदान दोन असे हवेत ज्यात तू होतासच नाहीस. तीन दिवसांनी वही न उघडता तेच डाव पुन्हा सांगून बघ, मग ताडून घे.

पैशांविषयी मी कडक आहे, हे तुला माहीत आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं, की शिकताना पैसे लावू नकोस. हरलेली रक्कम डोळ्यांसमोर नाचू लागली की समोरच्याने टर्नला काय केलं हे आठवत नाही. चिप्सवर खेळ.

पुढच्या रविवारी चार वाजता ये. वही आण. तुला माझ्या उजवीकडे बसवणार आहे, म्हणजे तुझ्या डावीकडे मी असेन. निघताना माझे तीन डाव तू मला सांगायचे.

तुझा,
काका