आडनाव विचारले तर काय सांगू?

महाविद्यालये सुरू झाली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या बोलण्यात एक काळजी हमखास येते. गावाकडून किंवा तालुक्याच्या ठिकाणाहून मोठ्या शहरात शिकायला आलेली ही मुले वसतिगृहात, मेसमध्ये किंवा खोली भाड्याने घेताना एकाच प्रश्नाला अडखळतात: ‘आडनाव काय?’ विचारणारा कधी सहज विचारतो, कधी मुद्दाम. पण उत्तर दिल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय बदलते हे ही मुले लहानपणापासून वाचत आलेली असतात. चित्रकला, नाट्य किंवा चित्रपट शिकणाऱ्यांच्या बाबतीत या काळजीला आणखी एक पदर असतो. आपण कुठून आलो हे आपल्या कामात आणले तर आयुष्यभर त्याच चौकटीत बसवले जाऊ, आणि न आणले तर आपल्याच माणसांशी आपण खोटे वागतो आहोत, अशा कात्रीत ती सापडलेली असतात. अनेकांनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे त्यांपैकी एकीची हकिगत तिच्या संमतीने, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून, येथे देत आहे. तिला आपण सुमेधा म्हणू.

सुमेधा मराठवाड्यातली, बौद्ध कुटुंबातली, चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला माझ्याकडे घेऊन आली तिची आई. वर्गात सर्वांसमोर चित्रांवर चर्चा असली की मुलीला आदल्या रात्री झोप लागत नाही, हे सांगण्याचे कारण होते. पण आईच्या मनात वेगळेच सलत होते. ती म्हणाली, ‘मॅडम, लेकरू आता जयंतीला घरी थांबत नाही. चौदा एप्रिल आला की दोन दिवस आधीच काही तरी काम काढून निघून जातं.’ सुमेधाचे वडील बाजार समितीत मापाडी, आणि संध्याकाळी त्यांची स्वतःची गायन पार्टी. पंचक्रोशीत जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांचा कार्यक्रम ठरलेला. मुलीने मात्र खोलीतल्या मैत्रिणींना वडील भजनी मंडळात गातात असे सांगितले होते.

‘खोटं नाही बोलले मी,’ ती मला म्हणाली. ‘गातात हे खरंच आहे.’

‘मग लपवलंस काय?’

‘कुणाबद्दल गातात ते.’

यापुढे बराच काळ आमच्या भेटी रडण्यात आणि गप्प बसण्यात गेल्या. त्या काळात तिने एकदा विचारले, ‘माझ्यातच काही तरी कमी आहे का? बाकीच्या मुली नाही लपवत.’

या प्रश्नापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण माझी भूमिका येथे उघड सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात समुपदेशन शिकलेल्या बहुतेकांप्रमाणे मीही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर वाढले. विचार बदलले की भावना बदलतात, हे सूत्र मी रोज वापरते आणि त्याचा गुणही पाहते. पण आडनाव सांगितल्यावर खोली नाकारली जाते हा सुमेधाचा विचार अविवेकी नव्हता. तो तिने घेतलेला अनुभव होता. अशा मुलीला ‘तुझा दृष्टिकोन बदल’ असे सांगणे म्हणजे समाजाच्या वागण्याची जबाबदारी तिच्या मनावर टाकणे होय. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली आणि काळी वाईट. 1954 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या कामाची दखल घेतली. त्या मुलांच्या मनातील स्वतःविषयीचा कमीपणा त्यांचा नव्हता. तो बाहेरून येऊन वस्तीला बसला होता. जातीमुळे येणारी लाज मी अशीच पाहते, आणि उपचाराची सुरुवातही तेथूनच करते: ही लाज कुणाची आहे, ती तुझ्याकडे कुणी आणून ठेवली?

लपवणे हा दोष नव्हे, हेही मी तिला सांगितले. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 सालचा. त्याच नावाच्या कथेतील तरुण नोकरीच्या परक्या गावी डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो आणि उघडकीला आल्यावर मार खातो. सुमेधाने ती कथा माझ्याकडून नेली आणि पुढच्या भेटीत एवढेच म्हणाली, ‘म्हणजे मी एकटी नाही.’ समुपदेशकाने तासभर दिलेल्या धीरापेक्षा अशी एक गोष्ट पुष्कळदा अधिक काम करते, कारण धीर देणारा बाहेरचा असतो आणि गोष्ट सांगणारा त्याच वाटेने गेलेला असतो.

वळण आले ते मात्र चित्रामुळे. स्वतःला आवडलेले एखादे काम घेऊन ये, असे मी सांगितले होते. तिने आणलेल्या चित्रात रिकामे बसस्थानक होते, रंग सुरेख होते आणि माणूस एकही नव्हता. सही कुठे आहे म्हणून मी पाहू लागले, तर उजव्या कोपऱ्यात फरशीच्या भेगांमध्ये, भेगांच्याच रंगात ‘सु. वि.’ अशी दोन अक्षरे होती. दाखवल्याशिवाय दिसली नसती. त्यावर काही न बोलता मी तिला वडिलांच्या गाण्यांविषयी विचारले. तिच्या फोनमध्ये त्यांच्या वहीच्या पानांची छायाचित्रे होती. सुरुवातीची पाने आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी भरलेली, आणि पुढे वडिलांनी स्वतः रचलेली गाणी. तिने त्यातले एक वाचून दाखवले. शेवटच्या कडव्यात वडिलांचे नाव आणि गावाचे नाव आले तेव्हा मी तिला थांबवले.

‘हे प्रत्येक गाण्यात असतं?’

‘प्रत्येक. शाहीर लोक घालतातच.’

‘शेवटीच का?’

ती बराच वेळ फोनकडे पाहत राहिली. मग सावकाश म्हणाली, ‘आधी गाणं ऐकायचं ना. वसतिगृहात आडनाव आधी विचारतात आणि माणूस नंतर बघतात. बाबांच्या गाण्यात गाणं आधी होतं, नाव नंतर येतं. आणि ते बाबा स्वतः घालतात. त्यांना कुणी विचारत नाही.’

इतक्या वर्षांच्या कामात मला जे नेमके शब्दांत पकडता आले नव्हते, ते तिने त्या दिवशी बोलून टाकले. सांगावे की लपवावे हा प्रश्नच आम्ही दोघी चुकीच्या टोकाने धरत होतो. कुणीतरी विचारल्यामुळे द्यावे लागणारे उत्तर आणि आपण होऊन, आपल्या जागी, आपल्या रीतीने केलेले निवेदन या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सूत्रे विचारणाऱ्याच्या हाती असतात, दुसऱ्यात सांगणाऱ्याच्या. माणसाला आजारी पाडते ती ओळख नव्हे, तर आपल्या ओळखीवरचा सुटलेला ताबा, अशी माझी आता पक्की धारणा आहे. कला हा ताबा परत मिळवून देऊ शकते, कारण कलाकृतीत काय पुढे आणायचे, काय सावलीत ठेवायचे आणि नाव कुठे लिहायचे, हे करणाराच ठरवतो.

आपल्या परंपरेत हे नवे नाही. चौदाव्या शतकात, देवळाच्या आत पाऊल टाकायला मनाई असलेल्या चोखोबांच्या अभंगाअखेरीस ‘चोखा म्हणे’ येते, आणि त्यांच्या पत्नी सोयराबाई तर आपली मुद्रा ‘चोख्याची महारी’ अशी उमटवतात. ज्या शब्दाने त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले, तोच त्यांनी स्वतःच्या रचनेवर सही म्हणून लिहिला. सुमेधाला चोखोबांचे अभंग फार शरणागत वाटतात आणि तिच्या घरात ते गायले जात नाहीत. तिच्या या मताचा मी आदर करते. सोयराबाईंची सही मात्र तिने वहीत उतरवून घेतली.

त्यानंतर तिने वडिलांच्या गायन पार्टीची चित्रमालिका करायला घेतली. मी पाहिलेल्या पहिल्या चित्रात फक्त दोन हात होते: दिवसभर लोखंडी वजने उचलून काळवंडलेली बोटे हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, आणि पट्ट्यांवर उमटलेले त्या बोटांचे पुसट डाग. ‘बाबा रोज पुसतात पट्ट्या, तरी राहतात,’ ती म्हणाली. पुढे ढोलकीवाला आला, मांडवातली ट्यूबलाइट आली, पेंगुळलेली मुले आली. वर्गात चर्चेच्या वेळी एका शिक्षकांनी यात वेदना दिसत नाही, ती आणखी गडद करा, असे सुचवले. सुमेधाने उत्तर दिले, ‘सर, त्या रात्री कुणाला वेदना होत नसते. सगळे गात असतात.’ हे मला सांगताना तिचा आवाज कापत होता, पण आदल्या रात्री ती झोपली होती.

चौकटीत बसवले जाण्याची भीती खोटी नाही. एका मैत्रिणीने तिला ‘आता तुला हेच करत राहावं लागणार’ असे ऐकवलेही. अशा वेळी मी जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकाराकडे बोट दाखवते. दक्षिणेकडून उत्तरेकडील शहरांत स्थलांतर केलेल्या आपल्या लोकांची गोष्ट त्याने 60 लहान चित्रांत सांगितली आणि 1941 मध्ये ती पूर्ण केली. सगळ्या फळ्या एकदम मांडून तो एक रंग घेई, तो सर्व चित्रांत लावून झाला की दुसरा, त्यामुळे साठही चित्रांत रंगांचा एकच स्वर राहिला. विषय त्याच्या समाजाचा होता आणि कारागिरी कुणालाही अभ्यासावी अशी होती. एकामुळे दुसरे उणे झाले नाही. विषय निवडल्याने कलावंत लहान होत नाही. विषय त्याच्यावर लादला जातो तेव्हा तो गुदमरतो, मग लादणारा विरोधक असो की कौतुक करणारा.

म्हणून कलाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. वंचित समाजातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘तुझ्या जगण्यातलं काढ’ असा आग्रह करू नका आणि त्याने काढले तर त्याच्याकडून दुःखाचीच अपेक्षाही धरू नका. त्याला निसर्गचित्र काढायचे असेल तर तोही त्याचा तितकाच हक्क आहे. पालकांनी मूल ओळख लपवते म्हणून ‘आम्ही एवढं सोसलं आणि तुला लाज वाटते’ असे बोलणे टाळावे. त्या वाक्याने लाजेवर अपराधाचा आणखी एक थर चढतो. त्याऐवजी आपण स्वतः कधी सांगितले, कधी गप्प राहिलो, कुठे अपमान गिळला आणि कुठे परत केला, हे मुलांपाशी मोकळेपणाने बोलावे. सुमेधाच्या वडिलांनीही पूर्वी कामाच्या ठिकाणी कित्येक वर्षे आपण गातो हे सांगितले नव्हते, आणि हे तिला पहिल्यांदा कळले ते या सगळ्या प्रवासात. आणि जेथे आडनावावरून खोली नाकारली जाते, गुण कापले जातात किंवा टोमणे मारले जातात, तेथे समुपदेशन पुरेसे नसते. महाविद्यालयातील समान संधी कक्षाकडे तारीख-वारासह लेखी तक्रार करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. मनाची उभारी आणि न्याय या दोन्ही गोष्टी मिळायला हव्यात. एकीच्या बदल्यात दुसरी सोडून देण्याचे कारण नाही.

माझ्याकडे येणारे सगळेच सुमेधासारखा निर्णय घेत नाहीत. त्याच सुमारास उपयोजित कला शिकणारा एक मुलगा येत होता. पुष्कळ विचार करून त्याने ठरवले की आपली ओळख निवडक दोघा-तिघांना सांगायची आणि कामात ती आणायची नाही. तो आता पुस्तकांची मुखपृष्ठे करतो, अक्षरांवर त्याचा हात विलक्षण आहे. आधी तो भीतीने गप्प होता. आता कुणाला, किती आणि केव्हा सांगायचे हे त्याने स्वतः ठरवले आहे, आणि खोली शोधताना त्याचे पोट दुखत नाही. त्याच्या आईने मला फोनवर विचारले, ‘म्हणजे त्याने सांगितलंच पाहिजे असं नाही ना?’ मी म्हटले, ‘नाही. त्याला वाटेल तेव्हा.’