मज्जारज्जूला इजा झाल्यावर ऑपरेशन झालं, आता पुढे किती खर्च येतो?

भावाच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, कमरेखाली संवेदना नाही, दवाखान्याचं बिल भरून झालं. आता खर्च संपला का, असं तुम्ही विचारलंय. नाही संपला. माझ्या नवऱ्याला हे होऊन अकरा वर्षं झाली. ऑपरेशनचा खर्च मोठा, पण एकदाच होतो. नंतरचा रोज थोडाथोडा होतो आणि जन्मभर चालतो.

इजा कुठल्या मणक्यापाशी आहे हे आधी डॉक्टरांना विचारा. मानेत अगदी वर असेल तर श्वासालाही यंत्र लागू शकतं, हात चालत नाहीत आणि चोवीस तास जवळ माणूस लागतं. तुमच्या भावाचे हात शाबूत असतील तर बरंचसं तो स्वतः करू शकेल. खर्चात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

त्यानंतर पैसा जातो तो कातडीवर आणि लघवीवर. व्हीलचेअरची चांगली गादी महाग वाटली म्हणून आम्ही साधा फोम टाकला होता. बसायच्या हाडावर लाल चट्टा आला. ह्यांना दुखतच नव्हतं, त्यामुळे कळलंही नाही. तीन आठवड्यांत जखम हाडापर्यंत गेली. मग प्लास्टिक सर्जरी आणि दोन महिने पालथं झोपणं. गादीच्या किमतीच्या कित्येक पट पैसे गेले, आणि ह्यांनी जे सोसलं ते वेगळंच. रात्री दर दोन तासांनी कूस बदलणं, खुर्चीत थोड्याथोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलणं, रोज आरशात कातडी बघणं, याला एक पैसाही लागत नाही. चट्टा बोटाने दाबून पांढरा पडला नाही, तर त्या जागेवर अजिबात बसू देऊ नका.

लघवीचंही तसंच. आम्हाला कायमची नळी घालून घरी पाठवलं, दुसरं काही शिकवलं नाही. पहिल्याच वर्षी संसर्ग होऊन चारदा भरती व्हावं लागलं. याचा मला आजही राग येतो, कारण जॅक लॅपिडिस नावाच्या अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञांनी 1972 सालीच दाखवून दिलं होतं की दिवसातून ठरावीक वेळी स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय पूर्ण रिकामं केलं आणि नळी लगेच काढली तर संसर्ग आटोक्यात राहतो. बहुतेकांना दिवसातून चार ते सहा वेळा हे करावं लागतं. लघवी तुंबून राहिली की किडनी खराब होते. पूर्वी असे बरेच रुग्ण किडनीनेच जायचे. म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफीचे पैसे बाजूला ठेवा.

पावती न मिळणारा खर्चही धरा. सेवेसाठी माझी नोकरी सुटली. तुमच्या घरात कोणाची सुटणार, हे आत्ताच बोलून घ्या.

स्टेम सेलने पायावर उभं करतो म्हणणारे भेटतील. तुटलेली मज्जारज्जू पूर्ववत करणारा सिद्ध उपचार आज नाही. तो पैसा गादीला, बाथरूमचं दार रुंद करायला आणि फिजिओथेरपीला लावा.

भावाला अजून घरी सोडलं नसेल तर उद्याच नर्सना गाठा. त्यांच्यासमोर तुम्ही आणि भावाने स्वतःच्या हातांनी दोन-तीनदा नळी घालून बघा, मगच घरी जा.