गाइडशिवाय, स्वतःच्या गाडीने आयोवातील एखाद्या ग्रामीण काउंटीचा इतिहास एका दिवसात कसा पाहावा?

कामानिमित्त अमेरिकेतील आयोवा राज्याच्या राजधानीत, डी मॉइन येथे, काही महिने मुक्काम आहे, गाडी हाताशी आहे आणि एखाद्या ग्रामीण काउंटीचा स्थानिक इतिहास गाइड न घेता एका दिवसात पाहायचा आहे, तर कोणती काउंटी निवडावी आणि दिवस कसा आखावा, असे आपण विचारले आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग; आयोवात अशा एकूण ९९ काउंट्या आहेत आणि बहुतेकींमध्ये पाहण्याजोगे काही ना काही सापडते. परंतु पहिल्यांदाच निघणाऱ्याला मी नेहमी मॅडिसन काउंटी सुचवतो. डी मॉइनपासून नैऋत्येला साधारण ३५ मैलांवर विंटरसेट हे तिचे मुख्य गाव आहे आणि पाहण्याची बहुतेक ठिकाणे त्याच्या भोवतीच आहेत.

मॅडिसन म्हटले की छपराचे लाकडी पूल, हे समीकरण ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ या कादंबरीने आणि १९९५ साली तिच्यावर निघालेल्या चित्रपटाने जगभर पक्के करून टाकले आहे. त्यामुळे येणारे बहुसंख्य लोक नकाशावरच्या एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जातात, पुलाच्या तोंडाशी फोटो काढतात आणि परततात. पूल सुंदर आहेत, यात वाद नाही. पण अशा पाहण्यातून इतिहास म्हणून पदरात फारसे काही पडत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरताना दोन गोष्टी विचाराव्यात : ही वस्तू इथेच का आहे, आणि ती पहिल्यापासून इथेच होती का? या प्रश्नांचे उत्तर बहुधा माहितीफलकावर नसते, दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर असते, आणि म्हणून हा दौरा स्वतः गाडी चालवतच करावा असे मला वाटते.

सुरुवात रस्त्यांपासूनच होते. महामार्ग सोडून आपण खडीच्या रस्त्याला लागलात की साधारण दर मैलाला एक आडवा रस्ता लागतो आणि सगळे चौक काटकोनात असतात. ही आखणी १७८५ च्या भूमी अध्यादेशातून आली आहे. त्या अध्यादेशाने सरकारी जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा टाउनशिपमध्ये आणि प्रत्येक टाउनशिप एकेक चौरस मैलाच्या, म्हणजे ६४० एकरांच्या, ३६ सेक्शनमध्ये विभागली, आणि त्यांतला सोळावा सेक्शन सार्वजनिक शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवला. मॅडिसन काउंटी म्हणजे अशा १६ टाउनशिपचा जवळजवळ चौरस तुकडा. सरळ चाललेला रस्ता मध्येच कसलेही कारण दिसत नसताना थोडा डावीकडे सरकून पुन्हा सरळ होतो, तेव्हा तिथे ना ओढा असतो ना टेकडी. रेखावृत्ते उत्तरेकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे सपाट कागदावरचे चौरस गोल पृथ्वीवर तंतोतंत बसत नाहीत, आणि मोजणीदारांनी साठत गेलेली चूक ठरावीक ठिकाणी जुळवून घेतली, तिची ही खूण आहे. तेव्हाच्या साखळीने झालेल्या मोजणीतली तूट आज आपण स्टीअरिंग फिरवून भरून काढतो, ही गोष्ट मला कोणत्याही संग्रहालयातल्या वस्तूपेक्षा अधिक बोलकी वाटते.

या चौकटीखाली आधीचा इतिहास दबलेला आहे आणि तो निघण्यापूर्वीच माहीत असलेला बरा, कारण दौऱ्याची बहुतेक माहितीपत्रके ‘पहिले वसाहतवाले’ इथूनच कथा सुरू करतात. सॉक आणि मेस्क्वाकी या इथल्या मूळनिवासी जमातींनी १८४२ च्या तहान्वये मध्य आयोवातील जमीन अमेरिकी सरकारला दिली आणि तहाने आखलेल्या रेषेच्या पश्चिमेचा भाग त्यांना ११ ऑक्टोबर १८४५ पर्यंत सोडावा लागला. मॅडिसन काउंटीच्या सीमा ठरल्या त्या १८४६ च्या जानेवारीत. मधले अंतर अवघ्या तीन महिन्यांचे आहे. पुढे १८५७ मध्ये मेस्क्वाकींनी आयोवातच टामा काउंटीत रोख पैसे मोजून जमीन विकत घेतली आणि ते आजही तिथे आहेत. त्यांचा इतिहास पाहायचा असेल तर तो वेगळा दिवस काढून तिकडेच पाहावा.

निघण्यापूर्वीची तयारी थोडीच आहे, पण ती टाळू नये. ए. टी. अँड्रियास यांनी १८७५ साली आयोवाचा सचित्र नकाशासंग्रह प्रकाशित केला. त्यात काउंट्यांचे नकाशे आहेत आणि ते इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. मॅडिसनचे पान फोनवर उतरवून घ्यावे आणि आजच्या नकाशाशेजारी ठेवावे. सेक्शनची चौकट तेव्हाची आणि आताची एकच असल्याने जुन्या नकाशातले ठिकाण आजच्या रस्त्यावर शोधणे अजिबात अवघड जात नाही. आणि त्या पानावर दिसणारे काय काय आज पूर्णपणे नाहीसे झाले आहे, हे लक्षात आले की रिकाम्या चौकातही थांबावेसे वाटू लागते.

मार्ग असा धरावा : डी मॉइनहून इंटरस्टेट ३५ ने दक्षिणेला उतरून सेंट चार्ल्स गाठावे, तिथून पेरू, मग विंटरसेट, त्यानंतर नैऋत्येचा भाग आणि शेवटी उत्तरेकडून महामार्ग १६९ ने परत. सेंट चार्ल्सच्या कडेलाच इम्स पूल आहे. तो १८७० चा, म्हणजे उरलेल्या पुलांतला वयाने सर्वांत जुन्यांपैकी, पण जागेच्या दृष्टीने नवखा. तो मुळात मिडल नदीवर होता, १८८७ मध्ये क्लँटन ओढ्यावर नेला गेला आणि १९७७ मध्ये सेंट चार्ल्सला आणून ठेवला. वर सांगितलेला दुसरा प्रश्न विचारायची सवय इथूनच लागते.

पेरू हे अगदी लहान गाव आहे आणि तिथे पाहण्यासारखे म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. तरीही ते मी वगळू देणार नाही. जेसी हायट नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्याच्या बागेत १८७० च्या दशकात ओळी सोडून एक सफरचंदाचे रोप उगवले. त्याने ते छाटून टाकले, ते पुन्हा फुटले, पुन्हा छाटले तरी फुटले, तेव्हा त्याने ते राहू दिले. त्याला लागलेल्या फळाला त्याने ‘हॉकआय’ हे नाव दिले. मिसूरी राज्यातील लुइझियाना या गावी स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने १८९३ मध्ये फळांची स्पर्धा भरवली, तिथे हे फळ पहिले आले. पण पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता हरवला, आणि पुढच्या वर्षी हायटने पुन्हा फळे पाठवली म्हणून तो सापडला. स्टार्क बंधूंनी हक्क विकत घेऊन त्याचे नाव ‘डिलिशियस’ केले. पुढे सत्यानंद स्टोक्स यांनी हिमाचलातील कोटगढला नेऊन लावली ती याच जातीची रोपे, त्यामुळे आपल्याकडच्या फळवाल्याच्या गाड्यावरील लाल सफरचंदाचे मूळ गाव हेच म्हणावे लागेल. मूळ झाड ११ नोव्हेंबर १९४० च्या अकस्मात आलेल्या हिमलाटेत मेले आणि नंतर त्याच्या मुळातून पुन्हा फुटवा आला. ती जागा खासगी शेतात आहे. परवानगीशिवाय आत जाऊ नये.

विंटरसेटमध्ये गाडी कोर्टहाउसच्या चौकात लावावी आणि प्रथम इमारतीला पायी एक फेरी मारावी. आधीचे कोर्टहाउस १८७५ मध्ये जळाल्यानंतर १८७६ पासून हे उभे राहिले. दगड इथल्याच खाणीतला चुनखडीचा. दगड ओळखीचा झाला की दिवसभर तोच जागोजागी दिसू लागतो : शहराच्या उद्यानातील १९२६ च्या क्लार्क टॉवरमध्ये, खडीच्या रस्त्यावरील जुन्या घरांत, अगदी ऐतिहासिक संकुलातील १८५६ च्या बेव्हिंग्टन घराच्या मागच्या दगडी शौचकूपातसुद्धा. शौचकूप राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत असणे ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये, कारण श्रीमंताने दगड कुठवर वापरला याचा तो पुरावा आहे.

जॉन वेन या अभिनेत्याचा जन्म १९०७ साली याच गावात झाला. त्याचे लहानसे घर आणि शेजारचे संग्रहालय चाहत्यांनी अवश्य पाहावे, इतरांनी बाहेरून पाहिले तरी चालेल. माझ्या मते या गावाशी जोडलेली अधिक मोठी व्यक्ती जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ही आहे. मिसूरीत गुलामगिरीत जन्मलेला हा तरुण कॅन्ससमधून फिरत फिरत १८८० च्या दशकाच्या अखेरीस इथे आला, एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून राहिला, आणि चर्चमध्ये ओळख झालेल्या मिलहॉलंड दांपत्याच्या आग्रहामुळे १८९० मध्ये शेजारच्या काउंटीतील सिम्प्सन महाविद्यालयात दाखल झाला. टस्कीगी येथील ख्यातनाम कृषिशास्त्रज्ञ हा त्याच्या आयुष्याचा पुढचा भाग सर्वांना ठाऊक असतो; विंटरसेटचा भाग थोड्यांना.

आता पुलांकडे. काउंटीत एके काळी असे १९ पूल होते, आज सहा आहेत. पुलावर छप्पर का, याचे उत्तर हिमवर्षावात किंवा घोडे बुजण्यात शोधले जाते, पण खरे कारण हिशेबाचे आहे. पुलाच्या तळातील जाडजूड लाकडे बदलणे हे बाजूच्या फळ्या आणि छप्पर बदलण्यापेक्षा कितीतरी महाग होते, म्हणून काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने स्वस्त लाकूड पावसात झिजू देऊन महागडे लाकूड वाचवायचे ठरवले. रोझमन पुलात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे आणि मग भिंतीकडे पाहावे. इथिएल टाउन याने १८२० मध्ये पेटंट घेतलेली जाळीची रचना तिथे दिसते : तिरप्या फळ्या एकमेकींना छेदत बसवलेल्या, आणि प्रत्येक छेदापाशी जोड. मोठमोठ्या तुळया आणि निष्णात सुतार जिथे दुर्मीळ, तिथे साध्या फळ्यांतून लांब पूल उभा करण्याची ही युक्ती आहे.

बेंटन जोन्स याने बांधलेला रोझमन पूल १८८३ चा आणि मूळ जागीच आहे. १८९२ मध्ये तुरुंगातून पळालेल्या कैद्याला दोन्ही तोंडांकडून घेरले असता तो छपरातून उडून नाहीसा झाला, अशी दंतकथा इथे सांगतात. दंतकथा म्हणूनच ऐकावी. १८८० चा हॉलिवेल हा १२२ फुटांचा, सर्वांत लांब पूलही आपल्या जागेवर आहे. गर्दी टाळायची असेल तर मी हॉलिवेल निवडेन. याउलट सीडर पूल १९२१ मध्ये हलवला गेला, २००२ मध्ये कोणीतरी पेटवला, पुन्हा बांधला, २०१७ मध्ये पुन्हा पेटवला आणि पुन्हा बांधला. तो पाहताना आपण १८८३ चे लाकूड पाहत नाही, एका गावाची चिकाटी पाहतो. तीही पाहण्याजोगी आहे, मात्र दोन्हींत गल्लत करू नये.

रोझमनला जाता-येता पॅमेल पार्कमधील बोगदा चुकवू नये. मिडल नदी इथे चुनखडीच्या एका अरुंद कण्याला वळसा घालून परत जवळजवळ त्याच जागी येते. हार्मन कुटुंबाने १८५८ मध्ये त्या कण्याला आरपार भोक पाडले, वळशाच्या दोन टोकांमधील पाण्याच्या पातळीतला फरक वापरला आणि गिरणी चालवली. गिरणी गेली, बोगदा उरला, आणि विसाव्या शतकात त्यातून रस्ता काढण्यात आला. त्यामुळे पाण्यासाठी खोदलेल्या वाटेने आज आपण गाडी नेतो.

परतीच्या वाटेवर उत्तरेला नॉर्थ रिव्हरची दगडी शाळा आहे. मुलांना पायी येता यावे म्हणून अशा एकखोली शाळा थोड्याथोड्या अंतरावर असत. १८७५ च्या नकाशावर त्या किती दाट होत्या ते पाहून मगच ही एक उरलेली पाहावी. १८८४ चा हॉगबॅक पूल याच बाजूला, मूळ जागीच आहे.

गाडी चालवण्याबाबत थोडे सांगतो. खडीच्या रस्त्यावर वेग कमी ठेवावा आणि चढाच्या माथ्यावर उजवी बाजू सोडू नये, कारण पलीकडून येणारा स्थानिक चालक हमखास मधून येतो. जुलै ते सप्टेंबर मका डोक्याच्या वर वाढलेला असतो आणि चौकात आडवे काही दिसत नाही. फलक नसला तरी थांबूनच पुढे जावे. पुढे कापणीच्या हंगामात कंबाइन हार्वेस्टर अख्खा रस्ता व्यापून येतात, त्यांना आधी वाट द्यावी. ‘लेव्हल बी’ असा फलक दिसला तर तो रस्ता स्वतःच्या जबाबदारीवर वापरायचा असतो आणि पावसानंतर तिथे चिखलात गाडी रुतते. फोनवरील नकाशा कितीही जवळची वाट दाखवो, तिकडे वळू नये. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पुलांचा उत्सव असतो, त्या दिवसांत निवांत पाहणे होत नाही. मे महिना किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध बरा. हिवाळ्यात संग्रहालयांच्या वेळा आटतात, तेव्हा आधी फोन करून घ्यावा.

इतके सगळे एका दिवसात मावले नाही तर सीडर, हॉगबॅक आणि क्लार्क टॉवर खुशाल सोडून द्यावेत; बोगदा, हॉलिवेल आणि कोर्टहाउसचा चौक यांना मात्र कात्री लावू नये.