पक्षी ओळखता येत नाहीत, तरी ग्रुपबरोबर पक्षी बघायला गेलं तर चालेल का?

चालेल काय, पळेल! तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत नवीन आहात, कावळा-चिमणीच्या पुढे गाडी जात नाही आणि मे महिन्यात ग्रेट स्वॉम्प या दलदलीच्या अभयारण्यातल्या पक्षी-वॉकला गेलात तर हसं होईल अशी धाकधूक आहे. माझं झालं होतं. तरी पुढच्या रविवारी परत गेलो.

एक पिवळाधम्मक पक्षी दिसला आणि मी ओरडलो, "तो बघा, त्या झाडावर!" सगळ्यांच्या दुर्बिणी वळल्या. समोर झाडंच झाडं. पक्षी भुर्र. वॉक घेणाऱ्या आजी हळूच म्हणाल्या, झाडाला घड्याळ समज आणि किती वाजलेत ते सांग. तेव्हापासून मी "मेपल, दोन वाजता, खालची फांदी" असं पुटपुटतो.

ग्रुपचा खरा फायदा कानांना होतो. आपल्याकडे पावशा "पेरते व्हा" म्हणतो ना, तशीच इथल्या लोकांनीही प्रत्येक पक्ष्याच्या तोंडी वाक्यं घातलीत. झुडपात लपून "विचिटी-विचिटी" करतो तो कॉमन यलोथ्रोट. बोरूच्या शेंड्यावर बसून कर्कश "कॉन्क-ला-री" ओरडणारा काळा पक्षी, खांद्यावर लाल पट्टा, तो रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड. हे दोन तुम्हाला पहिल्याच दिवशी जमतील. बाकी वॉर्बलर, म्हणजे यलोथ्रोटसारखे चिमुकले गाणारे पक्षी, पुढच्या वर्षी. (मोबाइलवरचं मर्लिन नावाचं अ‍ॅप आवाज ओळखतं, पण सतत त्यातच बघत राहिलात तर पक्षी निघून जातो.)

वॉर्बलर स्थलांतर करताना रात्री प्रवास करतात आणि पहाटे उतरून खायला लागतात, म्हणून सकाळी सातची वेळ ऐकून नाक मुरडू नका. जायचंच तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. नंतर पानं दाट होतात आणि नुसते आवाज ऐकत मान मोडते.

टाइम्स स्क्वेअरपासून जेमतेम २६ मैलांवर ही दलदल कशी टिकली, याचं मला अजून नवल वाटतं. १९५९ साली इथे जेट विमानतळ करायचं घाटत होतं. आसपासच्या लोकांनी पैसे जमवून जमीन विकत घेतली आणि सरकारला दान केली. १९६० साली अभयारण्य झालं.

लाकडी बोर्डवॉकच्या कडेला अळूसारखी मोठी पानं दिसतील. ती स्कंक कॅबेज, अळूच्याच कुळातली. वास घ्यायचा असेल तर पान किंचित चुरगळा, वडीचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका.

दुर्बीण आधी उसनी मागा. विकत घ्यायचीच झाली तर ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. कपडे मातकट, पँट मोज्यांत खोचलेली, कारण गवतात गोचिडी असतात आणि त्या चावल्या तर लाइम नावाचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत नीट बघा.