वाचकांचे प्रश्न: ऑटोरोटेशनचा सराव

प्रश्न: मला नुकताच हेलिकॉप्टरचा परवाना मिळाला आहे. रॉबिन्सन आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरवर एकट्याने ऑटोरोटेशनचा (इंजिनाच्या जोराशिवाय, खालून येणाऱ्या हवेने फिरत राहणाऱ्या रोटरवर उतरण्याचा) सराव केला तर चालेल का?

उत्तर: एवढ्यात नको. शेजारी प्रशिक्षक हवाच, आणि सराव पॉवर रिकव्हरीपर्यंतच ठेवा, म्हणजे जमिनीला टेकण्याआधी इंजिनाची पॉवर परत घ्या. आर-२२ चा रोटर हलका असल्याने त्याचे फेरे फार झपाट्याने उतरतात, त्यामुळे कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) पूर्ण खाली नेण्यात दिरंगाई चालत नाही. खाली नेल्यावर मात्र रोटरचा आरपीएम (मिनिटाचे फेरे) मापकावरच्या हिरव्या, म्हणजे सुरक्षित पट्ट्याच्या वर चढू शकतो. तेव्हा कलेक्टिव्ह किंचित उचलून आवरा. वाऱ्याला तोंड ठेवा, वेग ६० ते ७० नॉट.

खरा निर्णय जमिनीपासून १०० फुटांवर होतो. तिथे आरपीएम हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर, वेग स्थिर, उतरण्याचा दर मिनिटाला १५०० फुटांच्या आत आणि वळण संपलेले हवे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर ताबडतोब पॉवर देऊन पुन्हा वर जा. ‘जमेल सावरायला’ म्हणत खाली येत राहणे, हेच घातक. घनता-उंची (हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची) ४००० फुटांच्या वर असेल तर हा निर्णय २०० फुटांवरच घ्या.

फ्लेअर (नाक उचलून वेग आणि उतरणे कमी करणे) सुमारे ४० फुटांवर. ८ फुटांवर सायक्लिक (यंत्र पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणारा दांडा) पुढे करून यंत्र सपाट करा. शेपटी खाली असतानाच कलेक्टिव्ह ओढला तर टेल रोटर जमिनीला लागू शकतो.