हॉल १० बाय १२ चा, टीव्ही युनिटचा खण ४ फूट रुंद, सोफा १० फुटांवरच्या समोरच्या भिंतीला टेकलेला. ५५ इंची टीव्ही बसेल का?

हॉलला बसेल, खणात बसणार नाही.

५५ इंच हे पडद्याच्या कर्णाचं माप, एका कोपऱ्यातून तिरकं दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. रुंदीसाठी त्याला ०.८७ ने गुणा, उंचीसाठी ०.४९ ने. ५५ चा नुसता पडदाच १२१.८ सेंमी रुंद भरतो आणि तुमचे ४ फूट म्हणजे १२१.९ सेंमी. कडेची फ्रेम धरली की टीव्ही साधारण १२३ सेंमी होतो, मग आत जाणार कसा? शिवाय ते ४ फूट युनिटचं बाहेरचं माप असेल, तर १९ मिमीचा प्लाय दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ ४ सेंमी खातो. म्हणून टेप खणाच्या आतून लावा, तीही वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, कारण सुतारकामात ५-७ मिमीचा फरक सहज पडतो.

टीव्ही तापतो, त्याला हवा लागते. अनेक कंपन्या चारही बाजूंनी १० सेंमी मोकळी जागा सोडायला सांगतात. त्या हिशेबाने या खणात ४३ इंचीच नीट बसतो. ५० इंची आत जाईल, पण दोन्ही बाजूंना जेमतेम ५ सेंमी उरतील.

आता अंतर. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका, डोळ्यापासून पडद्यापर्यंत मोजा. सोफ्यावर टेकून बसल्यावर डोळे मागच्या भिंतीपासून सुमारे दीड फूट पुढे येतात, भिंतीवरचा टीव्हीही ३-४ इंच पुढे असतो. १० फुटांतले उरले सुमारे ९८ इंच. या अंतराला पडद्याचं (कर्णाचं) योग्य माप काढायला १.६ ने भागलं तर ६१ इंच येतात. म्हणजे ५५ अगदी योग्य. बहुतेक वेळ ४के सिनेमे आणि सामने पाहत असाल तर ६५ सुद्धा जास्त होणार नाही. पण घरात केबलवर साध्या एसडी वाहिन्या चालत असतील तर ५५ वरच थांबा. मोठ्या पडद्यावर ते चित्र फार फाटतं.

माझ्या मते खणाचा हट्ट सोडा, युनिटच्या बाजूच्या फळ्या काढून ५५ भिंतीवर लावा. आधी १२३ बाय ७१ सेंमीचा वर्तमानपत्राचा कागद मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाचा मध्य सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून १०० ते १०५ सेंमीवर ठेवा. खालची कड ६५-७० सेंमीवर येईल. बऱ्याच घरांत टीव्ही पार वर टांगतात आणि मग मान अवघडते.

ड्रिल मात्र टीव्ही घरी आल्यावरच करा. मागची ब्रॅकेटची भोकं पडद्याच्या बरोबर मध्यावर असतीलच असं नाही, पुष्कळ मॉडेलांत ती खाली सरकलेली असतात. टीव्हीच्या वरच्या कडेपासून वरच्या भोकांपर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढंच भिंतीवर उतरवा. प्लगचा पॉइंट टीव्हीच्या मागे लपेल, पण ब्रॅकेटच्या पट्टीखाली येणार नाही असा घ्या.