वाचक विचारतात : आपली प्रत अस्सल आहे का?

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'फॅरनहाइट ४५१'ची १९७६ साली छापलेली बॅलंटाइन प्रकाशनाची पेपरबॅक प्रत मिळाली. पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीवरच्या या कादंबरीलाच कात्री लागली होती म्हणे. माझी प्रत त्यातली आहे का?

उत्तर : १९७६ची छपाई असेल तर बहुधा त्यातलीच. मूळ कादंबरी १९५३ची. १९६७ साली बॅलंटाइनने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि तिच्यात सुमारे ७५ ठिकाणी फेरफार केले. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला, दारू प्यायलेला माणूस 'आजारी' झाला. बेंबीतला मळ काढण्याच्या जागी कान साफ करणं आलं! लेखक रे ब्रॅडबरींना पत्ताच नव्हता. आधी दोन्ही आवृत्त्या बरोबरीने निघत. १९७३ला मूळ आवृत्ती थांबली आणि पुढची सहा वर्षं दुकानातही शाळेचाच मजकूर विकला गेला. बंदीचा हुकूम कुणीच काढला नव्हता, म्हणून तर बोभाटाही झाला नाही. १९७९ला ब्रॅडबरींना कळलं, १९८०ला मूळ मजकूर परतला.

सुरुवातीच्या पानांवर त्या छपाईचं साल पाहा. पहिल्या प्रकाशनाचं सालही तिथेच असतं, गफलत होते ती तिथे. मग बेंबी शोधा. नुसतेच कान सापडले, तर प्रत कापलेली.

प्रश्न : जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीत जुनी वर्तमानपत्रं मागाहून बदलतात. किंडलवरचं पुस्तक तसं बदलू शकतं का?

उत्तर : हो. २०२३ साली पफिन प्रकाशनाने रोआल्ड डालच्या बालपुस्तकांची भाषा सुधारली, तेव्हा आधी विकत घेतलेल्या काही ई-प्रतीही आपोआप बदलल्या. ॲमेझॉनच्या खात्यात 'मॅनेज युवर कंटेंट अँड डिव्हायसेस'मध्ये 'प्रेफरन्सेस' उघडून 'ऑटोमॅटिक बुक अपडेट्स' बंद करा.

त्याने पुस्तक पुसलं जाणं मात्र थांबत नाही. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून नेमकं '१९८४'च काढून घेतलं होतं. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत मिळाले. पण एका विद्यार्थ्याच्या टिपणांना मागे पुस्तकच उरलं नाही. फेब्रुवारी २०२५पासून पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलवर न्यायची सोयही गेली. जे पुस्तक पुन्हा पुन्हा लागतं, ते छापील घ्या.

प्रश्न : संकेतस्थळावरची बातमी गुपचूप बदलली, हे दाखवायचं कसं?

उत्तर : स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो, तो पुरेसा नाही. बातमी दिसताक्षणी तिचा दुवा वेबॅक मशीन या वेबपानं जतन करणाऱ्या संकेतस्थळाच्या 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये टाका. मिळणाऱ्या दुव्यात १४ आकडी तारीख-वेळ असते. ती यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. नंतर पुन्हा जतन करून 'चेंजेस'मध्ये दोन्ही प्रती शेजारी लावल्या की बदललेला मजकूर रंगीत दिसतो. वर्गणीच्या भिंतीआडची पानं बहुतेक वेळा अर्धवटच जतन होतात. तिथे त्या दिवसाचा ई-पेपर उतरवून ठेवा.